फेअरीला ‘परी’ म्हणावं की ‘देवचार’?

वेंगुर्ल्याहून एका वाचकाने विचारलंय : फेअरींच्या राज्यावरच्या एका काळोख्या इंग्रजी कादंबरीमालेचा शेवटचा भाग वाचून झाला. गावच्या वाचनालयाच्या हस्तलिखितासाठी त्याचा परिचय लिहायचाय. ‘परी’ लिहिलं तर घरच्यांना ते लहान मुलांचं पुस्तक वाटलं. मग ‘देवचार’ लिहिलं तर चालेल का?

देवचार नको. तो एकटा, पुरुष आणि आपल्या जागेशी बांधलेला. रात्री वाट चुकलेल्याला घरापर्यंत आणून सोडणारा राखणदार. त्याला नारळ ठेवणारी माणसं आजही तुमच्या आजूबाजूला आहेत, तेव्हा त्याला कादंबरीत ओढू नये असं मला मनापासून वाटतं. आणि त्याला ना दरबार, ना सिंहासन. मालिकेच्या शेवटच्या भागात तर सगळी ओढाताण सिंहासनासाठीच चालते. शिवाय तेरेखोल ओलांडून गोव्यातल्या ख्रिस्ती घरात गेलात, तर तिथे ‘देंवचार’ म्हणजे सैतान.

‘परी’ फारसीतून आली. अवेस्ता या पारशांच्या धर्मग्रंथातली ‘पइरिका’ ही भुरळ घालणारी दुष्ट शक्ती, म्हणजे मूळची परी चांगलीच काळोखी. फारसी काव्यात ती सुंदर झाली आणि आपल्याकडे पंख लावून शाळेच्या स्नेहसंमेलनात उभी राहिली. उच्चार जवळचा असला तरी ‘फेअरी’शी तिचं नातं नाही. तो शब्द जुन्या फ्रेंचमधून आला आणि त्याचं मूळ नियतीवाचक लॅटिन ‘फाता’पर्यंत जातं. परीची दुसरी अडचण लिंगाची. राणीचं भागेल, पण मालेतल्या कपटी राजपुत्राला काय म्हणणार?

मी ‘यक्ष’ लिहीन. यक्ष आणि यक्षिणी, दोन्ही रूपं तयार आहेत. कुबेरासारखा राजा आहे, अलकेसारखी राजधानी आहे, आणि कामात कुचराई केली म्हणून वर्षभर हद्दपार झालेला मेघदूतातला यक्षही आहे. त्याहून मोलाचा महाभारताच्या वनपर्वातला प्रसंग. तळ्याचं पाणी पिण्याआधी माझ्या प्रश्नांची उत्तरं दे, असं यक्ष बजावतो. न ऐकणारे चार भाऊ काठावर निपचित पडतात, आणि उत्तरं देणाऱ्या युधिष्ठिराला ते परत मिळतात. तिथे बळ चालत नाही, शब्द चालतो. या कादंबऱ्यांतल्या फेअरींचा स्वभाव नेमका हाच आहे.

कोकणात ही मंडळी परकीही नाहीत. यक्षिणीची प्राकृतातून ‘जखीण’ झाली, तिला लोक भितात. आणि जाखमाता या देवीच्या नावातही तीच यक्षी मानली जाते, तिची ओटी भरतात. एकाच मुळातून भीतीही आली आणि भक्तीही. विहिरीत, कोंडीत राहणाऱ्यांसाठी ‘आसरा’ आहेच, तो ‘अप्सरा’चाच वंशज. पाण्यातल्या फेअरींना तो द्या, सगळ्या जमातीला नको.

आता तुम्ही न विचारलेला, पण परिचय लिहिताना अडेल असा शब्द. फेअरी खोटं बोलत नाहीत, शब्दांत अडकवतात, आणि शेवटच्या भागात अशाच जुन्या शब्दांची गाठ सुटते. शब्दांवर ठरणाऱ्या या देवाणघेवाणीला ‘करार’ म्हटलं की स्टॅम्पपेपर आठवतो, ‘सौदा’ म्हटलं की बाजार. आपल्याकडे ‘बोली’ आहे : लग्नात बोली होते, बोलीप्रमाणे देणंघेणं होतं. बोललेलं आणि ठरलेलं, दोन्ही त्यात आलं. गावऱ्हाटीतलं, म्हणजे गावदेवाच्या रीतीतलं, देवापुढे घालायचं गाऱ्हाणं ऐकलंत तर बोली किती जपून करायची ते कळतं. कोण, कुठला, कशासाठी आला, सगळं उच्चारायचं, वर ‘काय चुकला माकला असात तर सांभाळून घे’ अशी पळवाटही बुजवायची, आणि मग सगळ्यांनी ‘होय म्हाराजा!’ म्हणायचं.

आयर्लंड-स्कॉटलंडात लोक फेअरींचं नाव घेणं टाळून त्यांना ‘भली माणसं’ म्हणत. ते तसंच ठेवा, तळटीप नको. रात्री सापाला ‘जनावर’ म्हणणाऱ्या आणि बाधेला नुसतं ‘बाहेरचं’ म्हणणाऱ्या वाचकाला ते लगेच कळेल. लोखंडाची त्यांना वाटणारी भीतीही समजावत बसू नका. बाळाच्या उशाखाली अडकित्ता ठेवलेला आपल्याकडे पुष्कळांनी पाहिलाय.

‘परीकथा’ हा शब्द मात्र वाङ्मयप्रकाराचं नाव म्हणून रुळलाय, तो बदलू नये. परिचयात पहिल्यांदा ‘यक्ष, म्हणजे इंग्रजीतल्या फेअरी’ असं एकदा लिहा आणि पुढे निर्धास्तपणे यक्षच चालवा.