इलेक्ट्रिक कारने लांब जाताना दर स्टॉपला १०० टक्के चार्ज करावी का?

नाही, वाटेत तरी नको. निघताना फुल करून निघा, पण रस्त्यात फास्ट चार्जरवर ८० टक्के झाले की प्लग काढा आणि चला, कारण त्यापुढे बॅटरी जपायला गाडी स्वतःच पॉवर कमी घेते आणि शेवटच्या २० टक्क्यांत नुसता वेळ जातो. पुढचा चार्जर फारच लांब असेल तर मात्र भरून घ्या.

आणि स्पीड आवरा हो, हे कोणी ऐकतच नाही! हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ८० ऐवजी १०० ने गेलात तर तो दीडपटीपेक्षा जास्त, खरी रेंज तिथेच जाते. ठरवलेला चार्जर बंद निघाला तरी त्याच्या पुढच्यापर्यंत पोचाल एवढं चार्जिंग कायम शिल्लक ठेवा.