गावात पाळीव कुत्र्या-मांजरांसाठी रेबीज लसीकरण शिबिर कसं घ्यावं?

आधी पशुवैद्यकीय दवाखान्यात बोलून तारीख ठरवा आणि घरोघरी जनावरं मोजा; डोस त्यावरूनच मागवायचे. निदान 70 टक्के कुत्र्यांना लस मिळाली तरच रोगाची साखळी तुटते, म्हणून फक्त पट्टेवाल्यांवर थांबू नका. गोव्यात भटकी कुत्रीही जाळ्यांनी पकडून टोचली, आणि 2021 मध्ये राज्य रेबीज-नियंत्रित जाहीर झालं.

लस 2 ते 8 अंशांतच ठेवा, गोठू देऊ नका. शिबिर सकाळी, सावलीत घ्या. पिल्लांना तीन महिन्यांनंतर पहिला डोस, पुढे डॉक्टर सांगतील तसा.

कुत्री धरणाऱ्या मुलांना मात्र आधी स्वतःची प्रतिबंधक लस मिळायलाच हवी, यात हयगय नको! चावलंच तर जखम पंधरा मिनिटं साबण-पाण्याने धुवा आणि लगेच सरकारी दवाखाना गाठा.