विद्यापीठ आणि कंपन्या एकाच भागात असूनही एकत्र काम का होत नाही?
नुसत्या शेजाराने काही होत नाही. संशोधकाला शोधनिबंध लवकर छापायचा असतो, कंपनीला पेटंटचा अर्ज जाईपर्यंत तोंड बंद ठेवायचं असतं. पैशाच्या आधी करार इथेच अडकतो. अमेरिकेत 1980च्या बाय-डोल कायद्याने सरकारी निधीतून लागलेल्या शोधांची मालकी विद्यापीठांना स्वतःकडे ठेवता आली. निदान बोलणी कोणाशी करायची ते तरी ठरलं. मला मात्र जर्मनीतल्या फ्राउनहोफर या उपयोजित संशोधन करणाऱ्या संस्थांची रीत जास्त पटते. त्यांच्या कंत्राटी संशोधनाचं सुमारे 70 टक्के उत्पन्न उद्योगांच्या कामांतून आणि सरकारी प्रकल्पांतून येतं. त्यामुळे उद्योगाची अडचण प्रयोगशाळेपर्यंत पोचतेच. लहान कंपन्यांना तर हे फारच सोयीचं, स्वतःची प्रयोगशाळा त्यांना कुठून परवडणार!