जामीन मंजूर, पूर्तता नाही

तुम्ही विचारलंय की न्याय आणि कायद्याचं राज्य यासाठी जगभर काम करणाऱ्या संस्था प्रत्यक्षात करतात तरी काय, त्यांच्यामुळे कुणाच्या आयुष्यात काही फरक पडतो का, आणि वकील नसलेल्या माणसाला त्यात काही करता येतं का. मी जिल्हा न्यायालयात वकिली करते आणि अकरा वर्षं विधी सेवा प्राधिकरणाच्या, म्हणजे गरजूंना मोफत वकील देणाऱ्या सरकारी यंत्रणेच्या, पॅनलवरून दर पंधरवड्याला कारागृहात जाते. त्यामुळे उत्तर तुरुंगाच्या बाजूनेच देते, तीच बाजू मला नीट माहीत आहे.

कारागृहाच्या कार्यालयात न्यायाधीन बंद्यांची, म्हणजे आपण ज्यांना कच्चे कैदी म्हणतो त्यांची, यादी असते. नाव, गुन्हा नंबर, कलम, दाखल तारीख, पुढची तारीख आणि शेवटी शेरा. काही वर्षांपूर्वी ती चाळताना एका नावापुढच्या शेऱ्यावर माझी नजर अडकली: ‘जामीन मंजूर, पूर्तता नाही’. जामिनाचा आदेश सात महिन्यांपूर्वीचा होता.

त्याला बोलावून घेतलं. ऊसतोडीला आलेला मजूर, मोबाइल चोरीचा आरोप. कोर्टाने पंधरा हजारांचा जातमुचलका, म्हणजे स्वतःच्या सहीचं हमीपत्र, आणि तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार अशी अट घातली होती. त्याची समजूत अशी की पंधरा हजार रोख भरायचे आहेत, आणि ते आपल्याकडे नाहीत म्हणजे विषय संपला. खरं तर हवा होता सातबारा किंवा ऐपतीचा दाखला असलेला एक माणूस. पण परक्या तालुक्यात त्याच्यासाठी उभं राहणार कोण? हंगाम संपून टोळी गावाकडे निघून गेली होती. त्याला एकच नंबर पाठ होता, मुकादमाचा, आणि तो बंद लागत होता. न्यायालयाचा आदेश त्याच्या बाजूने होता, तरी तो सात महिने आत होता.

आमच्याबरोबर विधी स्वयंसेवक म्हणून जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले एक गुरुजी येत. त्यांनी त्याच्या गावच्या शाळेत फोन लावला, तिथून ग्रामपंचायतीत, तिथून बहिणीपर्यंत पोचले. मी अट शिथिल करण्याचा अर्ज दिला. कोर्टाने नुसत्या जातमुचलक्यावर सोडायचा आदेश केला. नवव्या दिवशी तो बाहेर आला, हातात एक प्लॅस्टिकची पिशवी. गुरुजींना त्याने एवढंच विचारलं, “स्टँड कोणत्या अंगाला?”

हे आधी सांगितलं, कारण जगातल्या या संस्थांचं काम मला त्या यादीवरूनच उमगत गेलं. त्यांची नावं मोठी असतात, कार्यालयं लंडन-जिनिव्हाला असतात, अहवाल जाडजूड असतात. पण त्यांतल्या ज्यांच्यामुळे काही हललं, त्यांचं काम बघाल तर मुळाशी कुणीतरी नावांची यादी केलेली सापडते. कोण आत आहे, कधीपासून आहे, कशासाठी आहे. १९६१ मध्ये पीटर बेनेन्सन या ब्रिटिश वकिलाने केवळ विचारांपायी डांबलेल्या सहा माणसांची नावानिशी हकीकत वर्तमानपत्रात लिहिली, त्यातून अॅम्नेस्टी इंटरनॅशनल उभी राहिली.

पण ज्या कामाने मला खरं शिकवलं ते आफ्रिकेतल्या मलावीचं. छोटा, गरीब देश. वकील मोजके, तेही बहुतेक ब्लँटायर, लिलाँग्वे अशा शहरांत. तुरुंग इतके भरलेले की लिलाँग्वेच्या माउला तुरुंगात माणसं एका कुशीवर दाटीने झोपत आणि रात्री ठरलेल्या वेळी कुणीतरी हाळी दिली की सगळ्यांनी एकदम कूस बदलायची. २००० साली तुरुंग-सुधारणेसाठी काम करणाऱ्या ‘पीनल रिफॉर्म इंटरनॅशनल’ या संस्थेने तिथल्या स्थानिक संस्थांना बरोबर घेऊन एक सेवा सुरू केली. वकील नाहीत ना, मग वकील नसलेल्यांनाच फौजदारी कायद्याचं नेमकं आणि पुरेसं शिक्षण देऊन विधी सहायक म्हणून तुरुंगात पाठवायचं. तुरुंग प्रशासनाबरोबर आचारसंहिता ठरली: आत काय करायचं, काय नाही, कुणाकडून काही घ्यायचं नाही. या अटीवर दार उघडलं.

आत गेल्यावर ते भाषण देत नसत. कैद्यांकडूनच कोर्टाचं नाटक बसवून घेत. एक मॅजिस्ट्रेट, एक सरकारी वकील, एक आरोपी. उभं कसं राहायचं, जामीन कसा मागायचा, ‘गुन्हा कबूल’ म्हटल्यावर पुढे काय होतं, हे सगळं बराकीच्या अंगणात, त्यांच्याच चिचेवा भाषेत. मी हे पहिल्यांदा एका प्रशिक्षणात ऐकलं तेव्हा चरकले. आपल्याकडे कित्येक आरोपींना न्यायाधीश कोण आणि सरकारी वकील कोण हेच कळत नाही. काळ्या कोटातली सगळी माणसं त्यांना एकाच बाजूची वाटतात.

दुसरं काम यादीचं. किरकोळ गुन्ह्यात अडकलेले, मुदत उलटून गेलेले, अल्पवयीन असून मोठ्यांत ठेवलेले, अशी नावं निवडून ती मॅजिस्ट्रेटपुढे ठेवायची. मग मॅजिस्ट्रेटच तुरुंगात येऊन बसत. कैद्याला कोर्टात न्यायला गाडी नाही, इंधन नाही, तर कोर्टाने यावं. याला तिथे कॅम्प कोर्ट म्हणतात. एका दिवसात एकेकाचं नाव पुकारून जामीन, सुटका किंवा पुढची तारीख देऊन टाकायची.

या माणसांची खरी कसोटी पुढे लागली. २००७ मध्ये मलावीच्या उच्च न्यायालयाने खुनाबद्दलची सक्तीची फाशी घटनाबाह्य ठरवली. म्हणजे ज्यांना आधी आपोआप फाशी सुनावली होती त्यांच्या शिक्षेचा फेरविचार व्हायला हवा. निकाल चांगला, पण कागदावर. कित्येकांच्या केसच्या फायलीच सापडत नव्हत्या. गुन्ह्याच्या वेळी वय काय, डोक्याला मार लागला होता का, मानसिक आजार होता का, हे कुठेच लिहिलेलं नाही, कारण सक्तीच्या फाशीत ते विचारायची गरजच नव्हती. मग हेच विधी सहायक खेड्यापाड्यांत गेले, आयांना, शेजाऱ्यांना, गावच्या मुखियांना भेटले आणि त्यांचे जबाब प्रतिज्ञापत्रांवर आणले. जन्माचा दाखला नाही, तर कोणत्या मोठ्या दुष्काळाच्या वर्षी, कोणाच्या पाठचा, असं विचारून वय काढायचं. आपल्याकडे म्हाताऱ्या माणसांचं वय असंच तर काढतो आपण. २०१५ पासून सुनावण्या झाल्या. शंभराहून जास्त लोक सुटून घरी गेले. पुन्हा फाशी एकालाही झाली नाही. निकाल २००७ चा आणि माणसं सुटली २०१५ नंतर. मधली आठ वर्षं माझ्या मनातून जात नाहीत.

पुढे युगांडा, केनिया, बांगलादेश अशा देशांनी ही पद्धत आपापल्या परीने उचलली. २००४ मध्ये लिलाँग्वेला आफ्रिकेतल्या देशांची परिषद भरली, तिच्या जाहीरनाम्यात वकील नसलेल्या विधी सहायकांचं काम मान्य झालं, आणि २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने कायदेविषयक मदतीची जी तत्त्वं स्वीकारली त्यांतही त्यांना जागा मिळाली. जिनिव्हा-न्यूयॉर्कची कागदपत्रं निरुपयोगी असतात असं म्हणूनच मी म्हणणार नाही. तुरुंगाच्या दारावर अडवलं की ‘हे जगात मान्य आहे’ असं दाखवायला एक कागद लागतो. फक्त पैसा अपुरा असेल तर तो आधी अंगणात बसणाऱ्या माणसावर खर्च व्हावा, परिषदेच्या हॉलवर नंतर.

आपल्याकडे हे नवं नाही. १९७९ मध्ये बिहारच्या तुरुंगांत वर्षानुवर्षं खितपत पडलेल्यांची नावं वर्तमानपत्रात आली आणि वकील कपिला हिंगोरानी यांनी ती सर्वोच्च न्यायालयात नेली. आरोप सिद्ध झाला असता तर जेवढी शिक्षा झाली असती त्याहून जास्त काळ काहीजण आत होते. हुसैनआरा खातून या कैदी बाईच्या नावाने तो खटला ओळखला जातो, आणि त्यातूनच त्वरित खटला हा मूलभूत हक्क ठरला.

मुंबईची गोष्ट तर मराठी माणसाला ठाऊकच असायला हवी. पत्रकार शीला बारसे यांनी मुंबई मध्यवर्ती कारागृहातल्या पंधरा स्त्री-कैद्यांच्या मुलाखती घेतल्या. त्यांतल्या पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचं सांगितलं. बारसेंनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं आणि त्या पत्रालाच याचिका मानलं गेलं. न्यायालयाने आत जाऊन खरी परिस्थिती बघायला कुणाला सांगितलं? पोलिसांना नाही, वकिलालाही नाही, तर मुंबईच्या निर्मला निकेतन या समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिकांना. १९८३ च्या निकालात एक आदेश असा आहे: अटक झालेल्या माणसाचे हक्क सांगणारी पत्रकं मराठी, हिंदी आणि इंग्रजीत छापून प्रत्येक पोलीस कोठडीत लावायची, आणि माणसाला ठाण्यात आणल्याबरोबर त्याला समजेल त्या भाषेत ती वाचून दाखवायची. वाचून दाखवायची, हे शब्द महत्त्वाचे. नुसतं भिंतीला चिकटवलं की काम संपलं, असं न्यायालय म्हणालेलं नाही. मी आजवर पत्रक लावलेलं पुष्कळ ठिकाणी पाहिलंय. वाचून दाखवल्याचं सांगणारा आरोपी मला अजून भेटायचा आहे.

२०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती, त्यांतली ४,३४,३०२ कच्चे कैदी. शंभरातले जवळजवळ शहात्तर, आणि गुन्हा कुणाचाच सिद्ध झालेला नाही. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की जामिनाचा आदेश त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी कारागृहाला ईमेलने पाठवावा, सात दिवसांत बंदी सुटला नाही तर कारागृह अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवावं, आणि महिनाभरात पूर्तता झाली नाही तर अट बदलायची का हे कोर्टाने आपणहून बघावं. हा आदेश आधी असता तर आमच्या ऊसतोड मजुराचे निदान सहा महिने वाचले असते.

या संस्थांना सरकारं का घाबरतात, हेही यादीवरूनच कळतं. रशियातली ‘मेमोरियल’ ही संस्था स्टालिनच्या काळात मारल्या गेलेल्यांची नावं गोळा करायची. दरवर्षी २९ ऑक्टोबरला मॉस्कोत लोक रांगेत उभे राहून ती मोठ्याने वाचायचे: नाव, वय, व्यवसाय, गोळी घातल्याची तारीख. तिच्यावर ‘विदेशी एजंट’ असा शिक्का मारला गेला आणि २८ डिसेंबर २०२१ ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती बंद करायचा आदेश दिला. पुढच्याच वर्षी तिला शांततेचं नोबेल विभागून मिळालं. आपल्याकडे सप्टेंबर २०२० मध्ये, बँक खाती गोठवल्यावर, अॅम्नेस्टीने भारतातलं काम थांबवलं. परदेशी पैशाचा हिशेब चोख हवा, यात मला शंका नाही. पण हिशेब तपासणं वेगळं आणि श्वास कोंडणं वेगळं.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. हो, वकील नसताना नक्की करता येतं. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची विधी स्वयंसेवकांची योजना २००९ पासून आहे. शिक्षक, निवृत्त कर्मचारी, अंगणवाडी सेविका, विद्यार्थी, कुणीही जिल्हा प्राधिकरणाकडे किंवा तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करू शकतं. लांब मुदतीची शिक्षा भोगणारे शिकलेले बंदीसुद्धा स्वयंसेवक होऊ शकतात, आणि बराकीत त्यांच्याइतकं उपयोगी दुसरं कुणी नाही. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून पोलीस ठाणी आणि तुरुंगात समाजकार्यकर्ते घेऊन काम करतो, तिथेही विचारून बघा. कुणाला मदत हवी असेल तर १५१०० हा टोल-फ्री नंबर आहे.

आत गेलात तर कुणालाही ‘सुटशील’ असं सांगू नका. तारीख विचारा, वकील कोण ते विचारा, जामीन झालाय का ते विचारा आणि यादीतल्या शेऱ्याशी ताडून बघा. मोबाइल गेटवर जमा करावा लागतो, म्हणून कागदी वही न्या. बहुतेकांना घरचा एखादाच नंबर पाठ असतो. तो पहिल्यांदा लिहून घ्या आणि त्याच संध्याकाळी लावा. बंद लागला तर गावच्या शाळेचा शोधा.