‘लेडीज बॅच अकरा ते बारा’ आणि गोव्याची हाफ ट्रायथलॉन

तुझी पोस्ट वाचून आधी हसू आलं, मग डोकं तापलं. बेळगावात शहापूरला राहतेस, बँकेत नोकरी, गोव्याच्या हाफ डिस्टन्स ट्रायथलॉनला (पोहणं, सायकल, पळणं एकापाठोपाठ) नाव घातलंयस, आणि तलावावर सांगतात की बायकांची बॅच अकरा ते बारा, सकाळची बॅच पुरुषांची. आता तू विचारतेस, वाट बघू, रिलेत (तिघांनी एकेक टप्पा वाटून घ्यायचा) फक्त सायकल चालवू, की खानापूरला मामांच्या शेततळ्यात पोहू? बँकेच्या जागी शाळा घातली तर ही माझीच पोस्ट. मी खानापूर तालुक्यात मराठी शाळेत शिकवते, कमरेला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेली. वयानं लहान वाटतेस म्हणून अगं-तुगं करते, राग मानू नकोस.

ट्रेनिंग प्लॅन, झोप, सायकलवरून उतरून लगेच पळण्याचा सराव यावर काही लिहीत नाही. ते तुला कळतं हे पोस्टवरून दिसतंय. मी कोच नाही, डॉक्टर नाही, वकील तर नाहीच. जे भोगलं तेवढंच सांगते.

आधी शेततळ्याचं. अजिबात नको. त्याला आतून प्लास्टिकचा कागद असतो, त्यावर शेवाळ धरतं, काठ उतरता असतो. पट्टीच्या पोहणाऱ्यालाही बाहेर येताना पाय रोवता येत नाही. दरवर्षी पेपरात अशा बातम्या येतात. मामा काठावर दोर घेऊन उभे राहिले तरी नको. विहीर त्यापेक्षा बरी, पायऱ्या असतात, पण विहिरीत गोल गोल फिरून लांब पल्ल्याची लय बसत नाही.

लोक तुला सांगतील, ‘तलावाचं काय घेऊन बसलीस, नदीत जा, समुद्रात जा.’ सांगणारे बहुधा पुरुष, आणि पावसाळ्याचा हिशेब न केलेले. गोव्यातली ही स्पर्धा २०१९ पासून मिरामारला होते, पाऊस संपल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमाराला. म्हणजे पोहण्याची खरी तयारी जून ते सप्टेंबरमध्येच व्हायला पाहिजे. आणि नेमकं तेव्हाच मलप्रभा, मार्कंडेय या दोन्ही नद्या लाल पाण्यानं फुगलेल्या असतात, आणि गोव्याच्या किनाऱ्यावर जीवरक्षक कुणाला पाण्यात उतरू देत नाहीत. राकसकोप धरणाचं पाणी शहराला प्यायला येतं, तिथे उतरायचा विचारही करू नये. मग उरतं काय? तलाव. म्हणून तलावाच्या खिडकीतला माणूस ‘नाही’ म्हणतो तेव्हा तो तासाभराची सोय नाकारत नाही, अख्खी स्पर्धा नाकारतो. हे त्याला कळत नाही, आणि समजावून सांगितलं तरी फरक पडत नाही.

माझ्या वेळी काय झालं ते सविस्तर सांगते. तलावाचं नाव घेत नाही, त्या माणसांचंही नाही. अकरा ते बारा मी वर्गात असते. म्हणून सकाळी सहाच्या बॅचचा पास मागितला. ‘मॅडम, ती जेंट्स बॅच.’ कुठे लिहिलंय? ‘पहिल्यापासून तसंच आहे.’ अर्ज द्या म्हणाले, दिला. मराठीत लिहिला म्हणून परत आला, कन्नडात पाहिजे. बरं, राज्याचा कारभार कन्नडात चालतो, मान्य. आमच्या शाळेतल्या कन्नडच्या बाईंनी मधल्या सुट्टीत सुंदर अर्ज लिहून दिला. तो नेला तर म्हणाले, साहेबांची सही लागेल, साहेब मीटिंगला गेलेत, सोमवारी या. सोमवारी साहेब होते, पण त्यांना भलतीच काळजी. ‘तुमच्या मिस्टरांचं संमतीपत्र जोडा.’ माझ्या नवऱ्याला पोहता येत नाही. तो काठावर टॉवेल घेऊन बसतो. त्याची संमती कशाला, हे त्यालाही कळेना. तरी चिडत चिडत त्यानं लिहून दिलं. ते दिल्यावर फिल्टर बिघडला. ‘पुढच्या आठवड्यात सुरू.’ हे वाक्य गणपती येऊन गेले तरी तसंच ताजं होतं. आणि गंमत बघ, फिल्टर बिघडलेला असताना सकाळच्या बॅचमधले काही जण ओल्या केसांनी गेटातून बाहेर पडताना मी स्वतः पाहिलेत.

भाषेचं राजकारण इथे कुणी सुरू करू नका. कन्नड ही अडचण नव्हती, अर्ज कन्नडात गेल्यावर फक्त सबब बदलली. मला मदत केली ती कन्नडच्या बाईंनी, आणि संमतीपत्र मागणारे साहेब माझ्याशी अस्खलित मराठीत बोलत होते.

१९५९ साली आरती साहा इंग्लिश खाडी पोहून गेली, पहिली आशियाई स्त्री. आणि इतक्या वर्षांनी आमच्याकडे बाईनं सकाळी सहाला पाण्यात उतरलं तर बॅचचं वातावरण बिघडतं. जाऊ दे. हे लिहिताना अजूनही हात थरथरतो.

याची किंमत काय पडली ते सांगते. हाफमध्ये पोहायचं १.९ किलोमीटर, सायकल ९० किलोमीटर, पळायचं २१.१ किलोमीटर. पोहण्याला मर्यादा १ तास १० मिनिटं, सुरुवातीपासून साडेपाच तासांत सायकल संपली पाहिजे, एकूण साडेआठ तास. (आपल्या वर्षाचं ॲथलीट गाइड, म्हणजे आयोजकांची नियमपुस्तिका, वाचून खात्री कर, आयोजक बदल करू शकतात.) त्या वर्षी सायकल आणि पळणं माझं पक्कं होतं. जांबोटी रस्त्यानं कणकुंबीपर्यंत जाऊन यायचे, निपाणीकडचा तवंदी घाट न थांबता चढायचे. पोहणं मात्र रविवारचं, कोल्हापूरला जाऊन, तेही बस वेळेवर मिळाली तर. शर्यतीत शेवटच्या बोयापर्यंत (मार्ग दाखवणारा तरंगता फुगा) हात जड झाले. वाळूवर पाय टेकले तेव्हा वेळ उलटून गेली होती. स्वयंसेवक मुलगी ‘सॉरी काकू’ म्हणाली आणि घोट्याची टायमिंग चिप काढून घेतली. सायकल रॅकवर तशीच उभी, बाटल्या भरलेल्या. प्रवेश फी, हॉटेल, गाडीभाडं, रजा, सगळं त्या थोडक्या मिनिटांत गेलं.

म्हणून हा हिशेब भिंतीवर लाव. ७० मिनिटांत १.९ किलोमीटर म्हणजे १०० मीटरला ३ मिनिटं ४१ सेकंद. समुद्रात सरळ रेषेत कुणी पोहत नाही, लाट, गर्दी, दिशा चुकणं हे सगळं धरून तलावात ३ मिनिटं १० सेकंदांच्या आत यायला पाहिजे, तेही सलग. २५ मीटरच्या तलावात ७६ लांब्या होतात. बाकीचं त्यामानानं सोपं. पाण्यातून १ तास ५ मिनिटांनी निघालीस, कपडे-बूट बदलायला १० मिनिटं गेली, तरी ९० किलोमीटरला सव्वाचार तास उरतात, म्हणजे ताशी २१-२२ किलोमीटर. ते तू आत्ताच करतेस. पळायला तीन तास मिळाले तर किलोमीटरला साडेआठ मिनिटं. सगळा धोका पहिल्या सत्तर मिनिटांत आहे. तरी लोक कार्बनच्या सायकलवर लाखभर रुपये घालतात आणि पोहायला ‘बघू’ म्हणतात. माझं मत कडक आहे, पण बदलणार नाही.

आता काय करायचं. खिडकीवर तोंडी बोलणं आजपासून बंद. अर्ज दोन प्रतीत, एकीवर तारखेसकट पोचपावतीचा शिक्का. शिक्का देत नसतील तर स्पीड पोस्टानं पाठव. तलाव सरकारी किंवा पालिकेचा असेल तर त्याच दिवशी माहिती अधिकाराचा अर्ज टाक. मी तो फार उशिरा टाकला. २००५ च्या कायद्याप्रमाणे हा अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत चालतो. म्हणजे इथे मराठीत नको, इंग्रजीत दे, परत करायला कारणच उरत नाही. कर्नाटकात फी १० रुपये, अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत. उत्तराची मुदत ३० दिवस. तक्रार लिहू नकोस, संताप लिहू नकोस, फक्त माग: सकाळची बॅच पुरुषांसाठी राखीव असल्याच्या लेखी आदेशाची प्रत. मला उत्तर आलं की असा कोणताही आदेश कार्यालयात उपलब्ध नाही. एका ओळीचं पत्र. ते घेऊन गेले तेव्हा हंगाम संपला होता, पण पुढच्या पावसाळ्यात सकाळचा पास मिळाला. साहेब तेच. संमतीपत्राचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही. त्या वर्षी स्पर्धा पूर्ण झाली.

तलाव खासगी असेल तर हा कायदा लागू नाही. तिथे एकच उपाय, आणखी दोघी-तिघींना घेऊन जा आणि एकदम पास काढायची तयारी दाखव. व्यवस्थापकाला नियमापेक्षा पैशाची भाषा लवकर कळते. आणि कुणाच्याही ‘पुढच्या आठवड्यात’वर थांबू नकोस. दुसऱ्यांदा तेच ऐकलंस की कोल्हापूर किंवा पणजीचा कांपालचा तलाव गाठ, रविवार तर रविवार. थकवा येतो, पण काहीच न पोहण्यापेक्षा बरं.

समुद्राबद्दल थोडं. पाऊस थांबल्यावर ऑक्टोबरमध्ये दोन-तीनदा तरी गोव्याला जाऊन सरावाच्या गटाबरोबर पोह, एकटी कधीच नाही, कमरेला नारिंगी फ्लोट बांधून. सहा-आठ हात मारले की मान वर करून बोया बघायची सवय लाव, तलावात तळाची काळी रेघ असते, समुद्रात नसते. शर्यतीत कोणतीही पद्धत चालते, दमलीस तर ब्रेस्टस्ट्रोक मार. कयाक, म्हणजे मदतीची छोटी होडी, धरून श्वास घेतलास तरी बाद करत नाहीत, फक्त कयाकच्या आधारानं पुढे सरकायचं नाही. हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. वेटसूट (अंग गरम ठेवणारा रबरी पोशाख) विकत घेऊ नकोस, तिथलं पाणी त्यासाठी गरम असतं, परवानगी मिळत नाही. मानेला आणि काखेत व्हॅसलीन भरपूर लाव, मीठ आणि घर्षणानं कातडी सोलते.

बायकांसाठी एक, कारण पुरुष हे लिहीत नाहीत. शर्यतीच्या दिवशी पाळी येऊ शकते. ट्रायसूट, म्हणजे अंगाला घट्ट बसणारा स्पर्धेचा पोशाख, सगळ्या स्पर्धेत तोच राहतो, पॅडचा उपयोग नाही. कप किंवा टॅम्पॉन वापरायचा असेल तर दोन-तीन महिने आधीपासून सरावाच्या दिवशी वापरून बघ. गोळ्या घेऊन पाळी पुढे ढकलायची असेल तर आपल्या डॉक्टरला विचारून, मैत्रिणीला विचारून नाही.

उकाड्याला हसू नकोस. आपण साडेसातशे मीटर उंचीवर राहतो, सकाळी स्वेटर घालून पळतो. गोव्यात पळायला सुरुवात होते तेव्हा डोक्यावर ऊन आणि अंगाला घामाचा चिकचिकाट. शेवटचे दोन आठवडे दुपारी पळ, कमी पळ पण दुपारी. खाणं सायकलवरच उरकायचं, तासाला साधारण ६० ग्रॅम कर्बोदकं. एनर्जी जेल पोटाला झेपत नसतील तर करदंटाचे (डिंक-सुक्यामेव्याची वडी) छोटे तुकडे मला चालले, बाटलीत ओआरएस. कुंदा नको, दुधाचा आहे, उन्हात पोटात काय होईल ते तुला कळेल. सायकलवर पुढच्याच्या मागे चिकटू नकोस, १२ मीटर अंतर ठेवायचं असतं, पंच बघत असतात.

रिलेबद्दल विचारलंस. रिलेत कमीपणा काही नाही, पण तुझं कारण चुकीचं आहे. पोहता येत नाही म्हणून रिले कर, तलावाच्या खिडकीवर कुणी नाही म्हटलं म्हणून करू नकोस. ऑगस्टअखेर सलग दीड किलोमीटर झालं नाही, तर मग शांतपणे रिलेचा विचार कर, आणि आयोजकांकडे बदलाची शेवटची तारीख काय आहे ते आजच ईमेल करून विचारून ठेव.

कन्नड अर्जाचा मसुदा माझ्या फोनमध्ये अजून आहे. मेसेज कर, पाठवते. नाव, पत्ता आणि तारीख बदल. संमतीपत्राचा परिच्छेद मी काढून टाकलाय, त्यांनी मागितलं तर कोणत्या नियमाखाली मागता ते लिहून द्या म्हण.