भारताला पुढे किती हरित हायड्रोजन लागेल, याचा अंदाज कसा बांधायचा?

तुम्ही विचारलंय की हरित हायड्रोजनचं, म्हणजे सौर-पवन विजेने पाण्यातून काढलेल्या हायड्रोजनचं, २०३०चं वर्षाला ५० लाख टनांचं सरकारी उद्दिष्ट पायाला धरून २०५०पर्यंतची मागणी मोजावी का. माझ्या मते नको. जानेवारी २०२३मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनमधला तो आकडा उत्पादनक्षमतेचा आहे आणि त्यात निर्यातीचीही अपेक्षा धरली आहे. देशाची मागणी हवी असेल तर कारखान्यात बनणाऱ्या मालापासून मागे मोजत या.

मी रसायन अभियंता, खतांच्या क्षेत्रातला, म्हणून खतच घेतो. हायड्रोजनपासून अमोनिया बनतो आणि अमोनियापासून खत. एक टन अमोनियात सुमारे १७७ किलो हायड्रोजन असतो. एक टन युरियाला साधारण ५७० किलो अमोनिया जातो, म्हणजे हायड्रोजन १०० किलो. देशात वर्षाला ३ कोटी टनांच्या आसपास युरिया बनतो. एकट्या युरियाचेच ३० लाख टन झाले!

मात्र ते सगळे 'हरित'च्या रकान्यात टाकू नका. युरियाला कार्बन डायऑक्साइडही लागतो आणि आज तो नैसर्गिक वायूपासून हायड्रोजन काढतानाच हाती येतो. हायड्रोजन पाण्यातून काढला तर तो कार्बन आणायचा कुठून? आपल्या अलिबागजवळच्या थळसारख्या युरिया कारखान्यापुढचा खरा पेच हाच आहे. डीएपी या फॉस्फरसयुक्त खताला असा कार्बन लागत नाही, शिवाय त्यासाठी अमोनिया आपण आयातही करतो. हरित अमोनिया आधी तिथे शिरेल असं मला वाटतं.

रिफायनरीत इंधनातलं गंधक काढायला हायड्रोजन लागतो, त्यामुळे ती मागणी पेट्रोल-डिझेलच्या खपाबरोबर वरखाली होणार. पोलादाचा अंदाज सगळ्यात अवघड. कोळशाऐवजी हायड्रोजन वापरला तर टनभर लोखंडाला किमान ५५ किलो लागेल, पण किती भट्ट्या कधी बदलतील हे गृहीतकच आहे. तिथे एक आकडा न देता कमी, मध्यम, जास्त असे तीन द्या. मोटारी मी शून्य धरतो. त्या बॅटरीवर चालतील.

मग दराची चाळणी लावा. पाण्यातून एक किलो हायड्रोजन काढायला ५०-५५ युनिट वीज लागते. ४ रुपये दराने नुसत्या विजेचेच २०० रुपये होतात, यंत्रांचा खर्च वेगळा. वायूपासूनचा हायड्रोजन स्वस्त असेल तोवर कारखानदार सक्तीशिवाय वळणार नाही. म्हणून तांत्रिक मागणी आणि त्या दराला उचलली जाईल ती मागणी वेगळी मांडा.

शेवटी बेरीज विजेवर तपासा. ५० लाख टनांना २५,००० कोटींहून जास्त युनिट लागतात, म्हणजे २०२३-२४मधल्या देशाच्या वीजनिर्मितीचा जवळपास सातवा हिस्सा. तुमच्या २०५०च्या आकड्याला किती वीज लागते ते काढा आणि तेवढी सौर-पवन वीज उभी राहील का, हे पाहूनच तो आकडा पक्का करा.