उमरेडकडच्या तलावाची मासोळी नागपुरात विकायला सरकारी अनुदान मिळतं का?

ताई, तुमचा प्रश्न मी असा समजलो: घरचे पुरुष मच्छीमार संस्थेत आहेत, तलाव संस्थेकडे ठेक्याने आहे आणि निघालेली मासोळी व्यापारी तलावाच्या बांधावरूनच उचलून नेतो. आता तुमच्या महिला बचत गटाला ती 'आपल्या भागाची मासोळी' म्हणून नागपुरात स्वतः विकायची आहे. फलक, जाहिरात, महोत्सव अशा प्रचारासाठी सरकार पैसे देतं का, हे तुम्ही विचारलंय.

मी नागपुरात राहतो आणि मच्छीमार संस्थांना प्रस्ताव लिहायला मदत करतो, म्हणून स्पष्ट सांगतो. नुसत्या जाहिरातीसाठी गटाच्या हातात थेट पैसे पडतील अशी आशा धरू नका. तीच मासोळी ताजी किंवा जिवंत गिऱ्हाइकाच्या दारात नेण्यासाठी मात्र पैसे आहेत, आणि महिलांना ते जास्त मिळतात. तुमचा प्रस्ताव त्याच कामाचा असावा असं माझं ठाम मत आहे.

त्याचं कारण नागपूरच्या बाजारात आहे. इथे रोज विकली जाणारी बरीचशी रोहू-कतला आंध्रातून बर्फाच्या पेट्यांत येते. सुरमई-पापलेट तर समुद्राचीच, तीही बर्फातच येणार. आंध्रची मासोळी वाईट असते असं मी म्हणणार नाही. ती रोज येते, एका मापाची येते, म्हणून हॉटेलवाल्यांना परवडते. भावात आणि मापात तुम्ही तिला हरवू शकणार नाही. तुमच्या हातात आहेत ते तास. पहाटे उमरेडकडच्या तलावात जाळं ओढलं तर सकाळी नऊच्या आत मासोळी सक्करदऱ्यात, मानेवाड्यात पोहोचते. पण मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 च्या घरात जातो. तेव्हा बर्फाविना निघालेली टोपली शहरात येईपर्यंत मऊ पडते, गलफडं काळवंडतात, आणि मग आंध्रची पेटीच ताजी दिसते. उन्हाळ्यात मासोळीच्या वजनाइतकाच बर्फ लागतो, हे धरूनच खर्चाचा हिशेब करा. 'लोकल' असा मोठा फलक लावून खाली शिळी मासोळी ठेवली तर गिऱ्हाईक पुन्हा त्या बाजूला फिरकत नाही.

आता पैशांचं. मुख्य योजना प्रधानमंत्री मत्स्य संपदा. ती सप्टेंबर 2020 मध्ये 20,050 कोटींच्या आराखड्यासह सुरू झाली आणि पुढे तिची मुदत 2025-26 पर्यंत वाढवली गेली; ती आता चालू आहे का, हे आधी कार्यालयात विचारून घ्या. देशात माणशी मासे खाण्याचं प्रमाण वर्षाला साधारण 5 किलोवरून 12 किलोपर्यंत न्यायचं, हे तिचं एक उद्दिष्टच आहे. म्हणजे लोकांनी मासे जास्त खावेत ही सरकारचीही इच्छा आहे, फक्त तो पैसा वस्तूंच्या खरेदीसाठी येतो. सर्वसाधारण लाभार्थ्याला प्रकल्प खर्चाच्या 40 टक्के, तर महिला, अनुसूचित जाती आणि जमातींना 60 टक्के अनुदान आहे. बर्फपेटीसह सायकलीचा मंजूर खर्च 10,000 रुपये, मोटारसायकलीचा 75,000, ई-रिक्षासह तीनचाकीचा 3 लाख. विक्री केंद्राच्या टपरीला 10 लाख आणि जिवंत मासे विक्री केंद्राला 20 लाख. तीनचाकी घेतली तर 1,80,000 रुपये अनुदान आणि 1,20,000 तुमचे. टक्केवारी या ठरलेल्या खर्चावर लागते. दुकानदाराने साडेतीन लाखांचं कोटेशन दिलं तर वरचे पन्नास हजार पूर्ण तुमच्या पदरचे.

तुमच्या जागी मी असतो तर पहिल्या वर्षी टपरीच्या मागे लागलो नसतो. टपरीला शहरात जागा लागते, जागेची कागदपत्रं लागतात, आणि बहुतेक प्रस्ताव तिथेच अडून बसतात. तीनचाकीला जागा लागत नाही. शिवाय ती गाडीच तुमचा फिरता फलक. तिच्या पाठीवर गावाचं आणि तलावाचं नाव ठळक लिहा, आणि पाटीवर रोज खडूने 'आज पहाटे काढलेली' हे लिहा, पण ते खरं असेल त्याच दिवशी. ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या वस्तीत उभ्या राहा. रविवार आणि बुधवार धरून चालायला हरकत नाही. श्रावणात मागणी पडते, तेव्हा जाळं थोडं आवरा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मारबतीला, अख्खं नागपूर पिशवी घेऊन बाजारात उतरतं. त्या दिवसाची तयारी आठवडाभर आधी करा.

जिवंत मासोळीबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण विदर्भाची खरी ताकद तिथे आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि आपल्या जिल्ह्याच्या पूर्वेकडचे मामा तलाव, म्हणजे जुने मालगुजारी तलाव, फार खोल नाहीत; गाळाचे आणि वनस्पतींचे आहेत. मरळीला असंच पाणी मानवतं. मरळ, देशी मांगूर आणि शिंगी हवेतूनही श्वास घेतात, त्यामुळे थोड्या पाण्यात, ओल्या गोणपाटाखालीही तग धरतात. रोहू-कतलाचं तसं नाही, त्यांना टाकीत सतत हवा सोडावी लागते. बाळंतिणीसाठी, आजारातून उठलेल्यांसाठी मरळ शोधत फिरणारी माणसं नागपुरात आजही आहेत आणि जिवंत मरळीला ती मागाल तो भाव देतात. तेव्हा गाडीत बर्फपेटीशेजारी एक टाकी बसवून घ्या. 20 लाखांच्या केंद्राचा विचार दोनेक हंगाम विक्री जमल्यावर करा, कारण 60 टक्के अनुदान धरलं तरी 8 लाख तुम्हालाच उभे करायचे आहेत.

पण एक गोष्ट कधीही करू नका. जिवंत मासोळीची मागणी वाढली की कोणीतरी स्वस्त थाई मांगूर आणून देतो म्हणतो. त्याच्या पालनावर आपल्या देशात बंदी आहे. तो तलावात सुटला तर देशी मासोळी फस्त करतो. तुमचं सगळं नाव देशी मासोळीवर उभं राहणार आहे, त्याला असा धक्का लावून घेऊ नका.

अर्ज नागपूरच्या सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्या कार्यालयात जातो. प्रत्येक बाबीला जिल्ह्याचं लक्ष्य ठरलेलं असतं, म्हणून आधी 'तीनचाकीचं लक्ष्य यंदा शिल्लक आहे का' एवढंच विचारून या. मग कागद जमवा. आधार, बँकेचं पासबुक, गटाचा ठराव, जातीचा दाखला लागू असेल तर तो, कोटेशन आणि तलाव ठेक्याचा आदेश. ठेका संस्थेच्या नावावर असेल तर संस्था तुमच्या गटाला मासोळी देईल असं लेखी घ्या. मालाची खात्री दिसली की प्रस्ताव भक्कम होतो. आणि मंजुरीचा आदेश हातात येईपर्यंत काहीही विकत घेऊ नका. आधी गाडी घेऊन नंतर अनुदानासाठी वर्षभर चकरा मारणारे गट मी पाहिले आहेत. अनुदान खरेदी आणि पाहणी झाल्यावर खात्यात येतं, त्यामुळे पूर्ण रक्कम आधी तुम्हालाच फिरवावी लागते. हाच सगळ्यात अवघड टप्पा आहे, आणि गरीब गट इथेच गळतात याचं मला फार वाईट वाटतं. ही रक्कम उभी करायची सोय प्रस्तावाच्याही आधी बघा: गटाचं बँक कर्ज मिळतं का, उमेदच्या (राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या) प्रभागसंघाकडून, म्हणजे बचत गटांच्या संघाकडून, काही मिळतं का, ते विचारा. मत्स्यव्यवसायालाही किसान क्रेडिट कार्ड लागू आहे आणि वेळेवर फेडलं तर व्याज 4 टक्क्यांवर येतं, पण ते रोजच्या खेळत्या भांडवलासाठी, बर्फ-डिझेलसाठी ठेवा.

राष्ट्रीय मत्स्य डिजिटल मंचावर, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन नोंदणीच्या जागी, गटातल्या प्रत्येकीची नोंदणी करून टाका. 2024 साली मंजूर झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य किसान समृद्धी सहयोजनेचे लाभ त्याच नोंदणीवर मिळतात.

सुकट, लोणचं, मसाला लावलेले तुकडे असं काही करणार असाल तर दार वेगळं आहे: कृषी विभागाकडची प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजना. तीही आता चालू आहे का, हे आधी विचारा. तिथे 35 टक्के, कमाल 10 लाखांपर्यंत अनुदान आहे आणि बचत गटाच्या प्रत्येक सदस्यामागे 40,000 रुपयांपर्यंत बीजभांडवल आहे. तुम्ही विचारलेल्या ब्रँडिंगसाठी खरी मदत याच योजनेत आहे: गट आणि संस्थांना खर्चाच्या 50 टक्के. मात्र एकेकट्या लहान गटापेक्षा चार-पाच गटांनी एकत्र येऊन मागितलेलं बरं. महोत्सवांना राष्ट्रीय मात्स्यिकी विकास मंडळ पैसे देतं, ते साधारणपणे राज्याचा विभाग किंवा संस्थांमार्फत जातात. तुम्ही तिथे फक्त स्टॉल मागा.

शिकायचं असेल तर तेलंगखेडीचं मत्स्य विज्ञान महाविद्यालय आपल्या शहरातच आहे. बर्फात मासोळी कशी रचायची, टाकीत पाणी कधी बदलायचं हे तिथल्या प्राध्यापकांना जाऊन विचारा.

विक्री सुरू करण्यापूर्वी अन्नसुरक्षेची नोंदणी हवीच. छोट्या विक्रेत्यांसाठी ती अगदी कमी खर्चात होते आणि अर्ज ऑनलाइन होतो. कोणी मध्यस्थ यासाठी हजारो रुपये मागत असेल तर देऊ नका.